सोळा टाक्यांचं आवर्तन

लोकरीची लड धरायला आजी नातवंडांपैकी मलाच बोलवायची. पाटावर बसायचं, कोपरं मांडीवर टेकवायची, दोन्ही हात समोर धरायचे आणि अंगठे वर ठेवायचे. मग ती लड माझ्या हातांत अडकवून समोर बसायची आणि गुंडा करायला घ्यायची. दोरा माझ्या डाव्या हातावरून सुटला की हात किंचित डावीकडे झुकवायचा, उजवीकडून सुटला की उजवीकडे. हे मला कुणी शिकवलं नाही, तिच्या गुणगुणण्याबरोबर ते आपोआप व्हायचं. गुंडा ती कधी घट्ट गुंडाळत नसे. आत दोन बोटं घालून त्यांच्यावरून दोरा घ्यायची आणि बोटं काढून घ्यायची, म्हणजे लोकरीला ताण बसत नाही. ‘लोकर जिवंत असते गं, तिला श्वास घ्यायला जागा ठेवावी,’ असं ती म्हणायची.

विणताना तिचे ओठ हलत असत. लहानपणी मला वाटायचं, आजी जप करते. एकदा कान जवळ नेला तर ऐकू आलं, ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा…’ तीनतालाचा ठेका! वर्षा-दीड वर्षाच्या मुलाच्या स्वेटरची पाठ ती ऐंशी टाक्यांची घालायची. सोळा मात्रांची पाच आवर्तनं झाली की एक सुई संपली. नमुन्यांना तिने तालांचीच नावं दिली होती. सहा टाक्यांची जाळी म्हणजे दादरा, दहा टाक्यांचा पीळ म्हणजे झपताल. बाजारातल्या पुस्तकांत त्या नमुन्यांची नावं वेगळी असतील, पण आमच्या घरात आत्या अजून ‘बाळासाठी दादऱ्याचं टोपडं करते’ असंच म्हणते. सुई अर्धी झाली असताना कुणी हाक मारली तर आजी ओ देत नसे. डोळ्यांनीच थांब म्हणायची आणि सुई संपली की बोलायची, ‘हं, समेवर आले. बोल आता.’ घरातल्या सगळ्यांच्या तोंडी ते बसलं. बाबा हिशेब करत असले आणि आई काही विचारायला गेली, तर तेही म्हणतात, समेवर येऊ दे.

विणकाम आजीकडे तिच्या आईकडून आलं. ती गोष्ट आजी दर थंडीत, सुया बाहेर निघाल्या की सांगायची. तिच्या आईचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. सासर कसब्यातल्या वाड्यात. सासूबाई कडक, आणि पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली सून त्यांना डोळ्यांसमोर चालत नसे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदनाचं काम सुरू केलं, आणि तिथे बायकांना लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवण-टिपण, विणकामही शिकवत. वाचायला जाते म्हटलं असतं तर सासूबाईंनी दार लावून घेतलं असतं. विणायला जाते म्हटल्यावर त्यांनी विचार केला, चार कपडे घरात होतील, आणि जाऊ दिलं. आजीची आई दुपारी कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायची. पिशवीत वर लोकर आणि सुया, खाली मुळाक्षरांचं पुस्तक. पहिल्या थंडीत तिने सासूबाईंसाठी गळपट्टी विणली. काकडआरतीला पहाटे जाताना त्या ती गुंडाळून जायच्या आणि देवळात बायकांना दाखवायच्या. त्याच वर्षी चातुर्मासात सुनेने त्यांना पोथी वाचून दाखवायला सुरुवात केली. तू वाचायला कधी शिकलीस, असं त्यांनी विचारलं नाही. आजी इथे थांबायची आणि म्हणायची, ‘त्यांना कळलं नसेल असं वाटतं तुला?’

गाण्याची वाट मात्र ह्याहून अवघड होती. घरंदाज बाईने गायचं ते जात्यावर, पाळण्यापाशी नाहीतर मंगळागौरीला. पेटी-तबल्याच्या साथीला बसणं हे वाड्यातल्या कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. आजीचे वडील मात्र संगीत नाटकांचे वेडे होते. गंधर्व नाटक मंडळीचा मुक्काम पुण्यात असला की त्यांचं जेवणाकडे लक्ष नसायचं. विनायकबुवा पटवर्धन त्या मंडळीत बालगंधर्वांबरोबर भूमिका करत. त्याच विनायकबुवांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा वडिलांच्या मनात आलं की आपल्या मुलीने तिथे शिकावं. बुवांचे गुरू विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढून गाणं वर्गात, फळ्यापुढे आणि परीक्षेच्या वेळापत्रकात आणून बसवलं होतं. मुलगी गाणं शिकते म्हटलं की भुवया वर जात, पण मुलगी परीक्षा देते म्हटलं की गप्प बसत. पलुसकरांचं हे काम मला फार मोठं वाटतं. त्यांच्यामुळे आजीसारख्या किती मुलींना भर दुपारी, रस्त्याने, उजळ माथ्याने गाण्याच्या वर्गाला जाता आलं!

आजी प्रवेशिकेपर्यंत शिकली आणि तिचं लग्न झालं. रुखवतात क्रोशाची तोरणं आणि मण्यांचा रुमाल होता, आणि शेजारी वडिलांनी दिलेली पेटी. आजोबांकडच्या एका वयस्क नातेवाइकांनी विचारलं, ही कुणासाठी? आजोबा शांतपणे म्हणाले, ‘हिच्यासाठी.’ हा एक शब्द सांगताना आजीचा चेहरा साठ वर्षांनंतरही उजळायचा.

त्या काळी रेडिओवर पेटीला बंदी होती. १९४० साली ती घातली गेली ती १९७१ पर्यंत. पेटीचे सूर बांधलेले, तिच्यात मींड निघत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, असं जाणकारांचं म्हणणं होतं. आजीने त्यावर कधी वाद घातला नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसाने जे वाद्य हातात धरलं ते हलकं असेलच कसं, एवढंच तिचं म्हणणं होतं. गोविंदरावांनी ‘मानापमान’ला चाली दिल्या आणि त्या चाली तिच्या वडिलांनी तिला पेटीवर बोट धरून शिकवल्या होत्या.

रेडिओ आजोबांनी १९५४च्या दिवाळीला आणला, नारायण पेठेतल्या त्यांच्या बिऱ्हाडात. पुणे केंद्र त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालं होतं. आजीने रेडिओसाठी क्रोशाचं झाकण विणलं. पुढच्या रामनवमीला, १ एप्रिल १९५५ रोजी, गीतरामायण सुरू झालं. गदिमांची गीतं आणि सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक नवं गीत. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गीतांची संख्या बावन्नवरून छप्पन्न झाली. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. वाड्यात रेडिओ मोजकेच होते, त्यामुळे खालच्या चौकातली बिऱ्हाडंही आजीच्या खोलीत येऊन बसत. आजी दारापाशी बसून विणायची. बाबा तेव्हा तीन वर्षांचे होते. त्यांची पहिली आठवण रामाची किंवा गाण्याची नाही. खोलीत इतकी माणसं बसलेली असूनही सुयांची टकटक स्पष्ट ऐकू येत होती, ही आहे.

आणि मग पानशेत.

हा भाग आजी सांगत नसे, बाबा आणि आत्या सांगतात. आजी त्या वेळी उठून आत जायची किंवा विणकाम जवळ ओढायची. बुधवार, १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण नवं होतं, त्यात पहिल्यांदाच पाणी साठत होतं. भिंत खचायला लागली तेव्हा लष्कराचे जवान आले आणि त्यांनी रात्रभर भर पावसात वाळूची पोती रचून ती तोलून धरली. भिंत अखेर फुटलीच, पण रात्री न फुटता सकाळी फुटली. खालचं खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही. लोक जागे होते, पळू शकले. आजोबा कामावर निघून गेले होते. नदीचं पाणी रस्त्यावर दिसलं तेव्हा आजीने नऊ वर्षांच्या बाबांचा हात धरला, पाच वर्षांच्या आत्याला कडेवर घेतलं आणि ती पर्वतीच्या दिशेने चालू लागली. पर्वतीच्या पायऱ्यांवर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की दागिन्यांचा डबा फडताळातच राहिला आणि खांद्याला विणकामाची पिशवी आहे. ती पिशवी तिने केव्हा उचलली हे तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. आत्याला मात्र आठवतं, की पायऱ्यांवर, माणसं रडत असताना, खालचं शहर पाण्यात बुडालेलं दिसत असताना, आईने सुया बाहेर काढल्या आणि ती विणत राहिली. ओठ हलत होते. आत्या म्हणते, ‘तिचा ठेका चालू होता म्हणून मला झोप लागली.’

पाणी ओसरल्यावर ते परत गेले तेव्हा वाड्याच्या दोन भिंती उभ्या होत्या. खोलीत गुडघाभर चिखल, आणि त्याचा वास. बाबा म्हणतात, तो वास अजून पहिल्या पावसात मध्येच नाकात येतो. रेडिओ गेला. दागिन्यांचा डबा सापडला नाही. पेटी सापडली, मोरीच्या भिंतीला टेकून उलटी पडलेली, भाता फाटलेला, आत गाळ भरलेला. आणि चिखलात सापडला आजोबांचा तपकिरी स्वेटर, पहिल्या संक्रांतीला आजीने त्यांच्यासाठी विणलेला.

पूरग्रस्तांसाठी गावाबाहेर वसाहती उभ्या राहिल्या. ह्यांना गोखलेनगरला जागा मिळाली, अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये. उन्हाळ्यात भट्टी, पावसात डोक्यावर ताशा. तिथे गेल्यावर पहिल्याच रविवारी आजीने तो तपकिरी स्वेटर उसवायला घेतला.

उसवणं हे विणण्याइतकंच निगुतीचं काम आहे, हे मी तिच्याकडे बघूनच शिकले. आधी शिवणी उकलायच्या, मग गळ्याकडून सुरुवात करून टाका टाका सोडवत खाली यायचं. सुटलेला दोरा सरळ नसतो, प्रत्येक टाक्याची आठवण धरून नागमोडी होतो. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लड करायची आणि चार ठिकाणी सैल बांधायची. रिठ्यांच्या कोमट पाण्यात ती बुडवून ठेवायची, पण चोळायची नाही, नाहीतर लोकर आटते. मग उचलून दांडीवर टांगायची आणि खाली लोट्याचं वजन अडकवायचं. बाबा सांगतात, पहिलं पाणी काळं निघालं, दुसरं तांबूस, तिसरंही तांबूस. सात पाण्यांनंतर लोकर पुन्हा तपकिरी झाली. वाळल्यावर दोरा जवळजवळ सरळ झाला होता. त्यातून बाबांचा शाळेचा स्वेटर झाला, कोपराखाली बाह्यांना करड्या लोकरीची जोड देऊन.

पेटीचंही तेच. आजोबांनी ती खोलून गाळ काढला, पट्ट्या उन्हात वाळवल्या, भात्याला नवं कापड लावून घेतलं. पितळी सूर एकेक करून ब्रशने साफ केले. त्यात मधल्या सप्तकातल्या एका काळ्या पट्टीच्या सुराची जीभ तुटली. नवा सूर बसवायला पैसे नव्हते. असत, तरी आधी भांडी घ्यायची होती. तेव्हापासून ती पट्टी मुकी. वाजवताना तिथे बोट पडलं की फक्त लाकडाचा टक् आवाज यायचा, आणि आजी तो सूर तोंडाने द्यायची. अगदी जागेवर, हलकासा. मुलं शेजारी बसलेली असत, तीही द्यायला लागली. पुढे पैसे आले, पत्र्याच्या घराची पक्की खोली झाली, पण पट्टी दुरुस्त करायचं राहिलंच.

पुराच्या पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनचं युद्ध सुरू झालं. हिमालयातल्या थंडीत आपले जवान सुती कपड्यांत उभे आहेत, हे ऐकून घराघरांत सुया बाहेर निघाल्या. महिला मंडळातून खाकी-हिरव्या लोकरीच्या लडी मिळत आणि स्वेटर, मोजे, कानटोप्या विणून परत द्यायच्या असत. शाळेतल्या मुली मधल्या सुट्टीत विणत, बायका बसच्या रांगेत विणत. पूरग्रस्तांच्या वसाहतीतल्या बायकांना कुणी सांगितलं असतं की तुम्ही राहू द्या, तुमचंच अजून बसायचंय, तर ते वावगं ठरलं नसतं. पण आजी पहिल्या दिवशी जाऊन चार लडी घेऊन आली. बारा नंबरच्या सुयांवर बॉर्डर, दहा नंबरवर अंग. संक्रांतीपर्यंत तिने पूर्ण बाह्यांचे पाच स्वेटर दिले. २१ नोव्हेंबरला लढाई थांबली, तरी ती थांबली नाही, कारण थंडी थांबलेली नव्हती.

स्वेटर शिवताना ती खाकी लोकर वापरत नसे. बाबांच्या स्वेटरमधून उरलेला तपकिरी दोरा होता. त्याचे दोन पदर वेगळे करून ती बगलेखालच्या शिवणी त्याने घालायची, आतून, कुणाला दिसणार नाही अशा. आजोबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘त्यांनी पोती रचली नसती तर ते पाणी रात्रीच आलं असतं. मी आणि मुलं झोपेतच गेलो असतो.’ पानशेतबद्दल ती आपण होऊन बोललेलं बाबांना आठवतं ते एवढंच.

आजीला मी दुःखी पाहिलंच नाही असं नाही. पण तिचा आनंद दुःख संपायची वाट बघत बसलेला नव्हता, हे मला आता, तिच्या वयाकडे जायला लागल्यावर नीट कळतं. तो रोजच्या रोज, ताज्या दुधासारखा यायचा. सकाळी कुकर लावला की दहा मिनिटं पेटी. दुपारी भांडी आवरली की विणकाम. संध्याकाळी नातवंडांचं परवचा म्हणून झालं की एक गाणं. आणि डिसेंबर आला की सवाई गंधर्व.

सवाई गंधर्वांच्या स्मृतीचा तो उत्सव भीमसेनजींनी १९५३ साली सुरू केला आणि आजी सुरुवातीपासूनची. मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले ती रेणुका स्वरूप शाळेच्या पटांगणावर. तेव्हा गाणं रात्र-रात्र चालायचं. सतरंजी, चहाचा थर्मास, गुळपोळीचा डबा, आणि पुण्याची ती पहाटेची थंडी. आजूबाजूला बघावं तर अख्खं पटांगण लोकरीने भरलेलं, मफलर, शाली, कानटोप्या. आजी एकेका स्वेटरकडे बघून कानात सांगायची, हा घरचा, हा विकतचा, ह्या बाईंनी गळ्याला दोन टाके जास्त उचललेत. गाणं सुरू झालं की मात्र एक शब्द नाही. विलंबित ख्याल चालू असताना तिच्या सुया अगदी संथ चालत, द्रुत आलं की हात भरभर. पहाटे भीमसेनजी बसले की ती विणकाम पिशवीत ठेवून द्यायची. ‘ह्यांच्यापुढे हात मोकळे हवेत,’ म्हणायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत असे आणि कधी झोप लागली ते कळत नसे. जाग यायची तेव्हा अंगावर तिची शाल असायची आणि आकाश उजळलेलं असायचं.

माझी मुलगी झाली तेव्हा आजी ब्याऐंशी वर्षांची होती. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बोटांचे सांधे सुजलेले. तरी बारशाला टोपडं आणि मोजे आले. मोज्यांत एक ओळ तपकिरी होती. मी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. टोपड्यात सातव्या सुईला एक टाका गळलेला आहे, तिच्या हातून गळलेला मी पाहिलेला एकच. मी तो आजवर उचललेला नाही. मुलगी आता ते टोपडं बाहुलीला घालते. आजी त्यानंतरच्या वर्षी, कार्तिकात गेली.

पेटी आमच्याकडे आली. मुलगी शिकायला लागली तेव्हा तिच्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ही पट्टी दुरुस्त करून घ्या, मुलीच्या कानाला वाईट सवय लागेल. बाबा काही दिवस नाही म्हणत राहिले. मग एका रविवारी त्यांनी स्वतःच पेटी रिक्षात ठेवली आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली. त्याने फळी काढली, नवा सूर घासून मेळवला आणि बसवला. अर्धा तासही लागला नाही. साठीच्या घरात आलेल्या माणसाने दुकानाच्या पायरीवर बसून तो अर्धा तास काढला, असं बाबांबरोबर गेलेल्या माझ्या मुलीने घरी येऊन सांगितलं.

संध्याकाळी आत्याही आली. मुलीने पेटी पुढ्यात घेतली. भाता हलला, गाणं सुरू झालं, ठेका धरायला बाबांनी मांडीवर हात ठेवला. ती जागा आली तेव्हा बाबांनी, आत्याने आणि मी, न ठरवता, तोंडाने सूर दिला. त्याच वेळी पेटीनेही दिला. मुलगी दचकून थांबली आणि आमच्याकडे बघायला लागली. बाबा म्हणाले, ‘थांबू नकोस गं, वाजव. समेवर ये आधी.’